थेंब टाकला, पण पोचला कुठे?

प्राण्यांच्या काचबिंदूवर या वेळी बरीच पत्रं आली. निम्म्याहून अधिक पत्रांचा रोख एकच आहे: औषध डोळ्यातच का टाकायचं, पोटातून किंवा शिरेतून दिलं तर लवकर गुण येणार नाही का? म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. दाबाचे आकडे सगळीकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत. कुत्र्यामांजरांत साधारण १० ते २५ हा दाब ठीक समजतात.

प्रश्न (सातारा): आमच्या सात वर्षांच्या, १२ किलो वजनाच्या कॉकर स्पॅनियलचा उजवा डोळा एका रात्रीत लालभडक झाला आणि वर निळसर साय धरल्यासारखं दिसू लागलं. दवाखान्यात दाब ५८ निघाला. डॉक्टरांनी आधी एक थेंब टाकला, मग शिरेतून बाटली लावली आणि घरी दोन प्रकारचे थेंब दिले. माझ्या सासऱ्यांना काचबिंदूसाठी गोळ्या दिल्या होत्या. मग कुत्र्याला गोळी का नाही? थेंबापेक्षा गोळी जोरकस नसते का?

उत्तर: आधी त्या रात्री डोळ्यात काय झालं ते पाहू. बुबुळाच्या मागे असलेली सिलियरी बॉडी पाण्यासारखा द्रव सतत तयार करते. तो बाहुलीतून पुढे येतो आणि बुबुळ व कॉर्निया (डोळ्याच्या समोरचा पारदर्शक पडदा) जिथे मिळतात त्या कोनातल्या जाळीतून रक्तात परत जातो. कॉकर स्पॅनियलमध्ये हा कोन पुष्कळदा जन्मतःच सदोष असतो. काही वर्षं कसंबसं भागतं आणि एके दिवशी मोरी तुंबते. नळ मात्र चालूच राहतो. ५० च्या वर गेलेला दाब दृष्टिपटल आणि डोळ्यामागची नस काही तासांपासून दोन-तीन दिवसांत कायमची निकामी करू शकतो. त्यामुळे पहिल्या रात्रीची औषधं आणि नंतरची रोजची औषधं वेगळ्या वाटेने देतात, त्यात डॉक्टरांचा गोंधळ झालेला नाही.

पहिला थेंब बहुधा लॅटानोप्रोस्ट ०.००५ टक्के असणार. हे औषध बाटलीत एस्टरच्या रूपात असतं आणि तसं ते जवळपास निष्क्रिय असतं. कॉर्नियाचा वरचा थर तेलकट पदार्थांना वाट देतो, पाण्यात विरघळणाऱ्यांना अडवतो. एस्टर तेलाच्या बाजूचं असल्याने आत शिरतं आणि कॉर्नियातली एन्झाइमं ते तोडून खरं औषध मोकळं करतात. औषध तयार होतं तेच मुळी कॉर्नियात, म्हणून याची गोळी नसते. कुत्र्यात अर्ध्या-एक तासात दाब उतरू लागतो आणि बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते. मात्र थेंब टाकण्याआधी भिंग जागेवर आहे ना, हे पाहावंच लागतं. ते निसटून बाहुलीच्या पुढे आलेलं असेल, तर आवळलेली बाहुली त्याला पुढेच अडकवून ठेवते आणि दाब उतरण्याऐवजी चढतो. टेरियर जातींमध्ये हा धोका विशेष. डोळा आतून सुजलेला असेल तरीही हे औषध टाळतात.

शिरेतली बाटली मॅनिटॉलची. ते रक्त दाट करतं आणि डोळ्याच्या मागच्या पोकळीतलं पाणी रक्तात ओढून घेतं. डोस किलोला १ ते २ ग्रॅम. तुमच्या कुत्र्याला किलोला १ ग्रॅम धरला तर १२ ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांच्या द्रावणाचे ६० मिली, आणि तेही २० ते ३० मिनिटांत सावकाश. नंतर तीन-चार तास पाणी पाजत नाहीत. पाजलं तर ओढून काढलेलं पाणी पुन्हा डोळ्यात जातं. इथे दोन चुका वरचेवर होतात. थंडीत मॅनिटॉलचे स्फटिक होतात आणि बाटली हलवून तशीच लावली जाते. ती गरम पाण्यात ठेवून स्फटिक पूर्ण विरघळवायचे, अंगाच्या तापमानाला येऊ द्यायची आणि फिल्टर असलेल्या सेटनेच लावायची. दुसरी चूक हृदयाची आणि मूत्रपिंडाची तपासणी न करता देण्याची. हृदय कमकुवत असेल तर रक्तात अचानक वाढलेलं पाणी फुप्फुसात उतरतं. डोळ्याला सूज असेल तर मॅनिटॉल नीट लागूही पडत नाही, कारण सुजलेल्या रक्तवाहिन्यांतून ते स्वतःच डोळ्यात झिरपतं आणि ओढ संपते. असर काही तासांचाच. तो ओसरायच्या आत थेंबांचं काम सुरू झालेलं असावं लागतं, म्हणूनच दोन्ही एकाच वेळी चालू केले.

आता गोळी. काचबिंदूची गोळी म्हणजे ॲसिटाझोलामाइड किंवा त्याचं भावंड मेथाझोलामाइड. द्रव तयार करणारं कार्बॉनिक ॲनहायड्रेज हे एन्झाइम ती बंद पाडते. तुमच्या घरच्या दुसऱ्या थेंबात बहुधा डॉर्झोलामाइड २ टक्के आहे आणि तेही नेमकं हेच एन्झाइम बंद पाडतं. या एन्झाइमची गंमत अशी की ते जवळजवळ सगळं, ९९ टक्क्यांहूनही जास्त, बंद पडल्याशिवाय द्रव कमी होत नाही. थेंबाने तेवढं साधलं की गोळीला करायला काही उरत नाही. काचबिंदू झालेल्या बीगल कुत्र्यांवर २००१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे थेट मोजलं होतं: दिवसातून तीन वेळा डॉर्झोलामाइडच्या थेंबाने दाब उतरला, किलोला ५ मिलीग्रॅम मेथाझोलामाइड दिवसातून दोनदा तोंडाने दिल्यावरही जवळपास तेवढाच उतरला आणि दोन्ही एकत्र दिल्याने आणखी काही फरक पडला नाही.

फायदा सारखाच असला तरी गोळीचा भुर्दंड वेगळा. रक्तातून जाणारं औषध मूत्रपिंडातलं आणि तांबड्या पेशींतलं एन्झाइमही दाबतं. मग रक्तातली आम्लता वाढते, कुत्रं धापा टाकतं, उलट्या होतात, खाणं सुटतं, पोटॅशियम घसरतं. कॉर्नियाला मोठी जखम असेल किंवा कुत्रं डोळ्याजवळ हातच येऊ देत नसेल, तेव्हा थेंबाऐवजी गोळी देतात. जोडीला देण्यात अर्थ नाही.

पत्राच्या शेवटी ग्लिसरीन पाजण्याबद्दल विचारलं आहे. तोंडाने ग्लिसरॉल देणं ही जुनी आणि खरी पद्धत आहे, तत्त्व मॅनिटॉलचंच. पण त्याने हमखास उलटी होते आणि मधुमेही कुत्र्याची साखर भडकते. शिवाय घरात असतं ते गुलाबपाणी मिसळलेलं, त्वचेला लावायचं ग्लिसरीन. ते चुकूनही पाजू नका.

आणि डावा डोळा? त्याबद्दल पत्रात एक अक्षर नाही. हा आजार जातीतून आलेला असेल तर दुसऱ्या डोळ्याची पाळी येते. २००० सालच्या एका अभ्यासात दुसरा डोळा तसाच सोडलेल्या कुत्र्यांना तिथेही काचबिंदू व्हायला मध्यक (निम्म्या कुत्र्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त) ८ महिने लागले. चांगल्या डोळ्यात आधीपासूनच बीटॅक्सोलॉल किंवा डेमेकेरियम हे दाब उतरवणारे थेंब टाकलेल्यांत हा काळ सुमारे ३१ महिने होता. पुढच्या भेटीत डाव्या डोळ्याचा दाब मोजून घ्या आणि त्यालाही थेंब सुरू करायचे का, हे विचारा.

प्रश्न (नागपूर): तीन वेगवेगळे थेंब दिले आहेत. एकामागून एक लगेच टाकले तर चालतील का? अर्धा थेंब बाहेर ओघळतो, म्हणून मी दोन-दोन टाकतो. बाटली फ्रिजमध्येच ठेवायची का?

उत्तर: दोन-दोन थेंब टाकणं आजच बंद करा. एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि पापणीच्या आतल्या खोबणीत जेमतेम तेवढीच जागा असते. दुसरा थेंब पहिल्याला बाहेर ढकलतो. उरलेलं अश्रूंच्या नळीतून नाकात जातं. नीट टाकलेल्या थेंबातलंही बहुतेक औषध वाहून जातं. डोळ्याच्या आत पोचतं ते शंभरातलं एक ते पाच भाग. औषधं बनवणाऱ्यांनी ही गळती धरूनच तीव्रता ठरवलेली असते.

टाकायची रीत अशी. कुत्र्याला कोपऱ्यात किंवा भिंतीला पाठ लावून बसवा, म्हणजे ते मागे सरत नाही. डाव्या हाताने हनुवटी धरून तोंड थोडं वर करा. उजव्या हाताचा तळवा कपाळावर टेकवून त्याच हाताच्या कडेने वरची पापणी मागे ओढा आणि बाटली डोक्याच्या मागच्या बाजूने, वरून आणा. समोरून आणलेली बाटली त्याला दिसते आणि ते डोळा मिटतं. टेकवलेल्या हाताचा उपयोग असा की डोकं हललं तर बाटलीही बरोबर हलते, टोक डोळ्यात खुपत नाही. थेंब वरच्या पांढऱ्या भागावर पडू द्या. टोक कशालाही लागता कामा नये. मग मिनिटभर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा बोटाने हलकेच दाबून धरा आणि बाहेर आलेलं पुसून टाका.

दोन औषधांत पाच मिनिटं तरी जाऊ द्या, दहा गेली तर उत्तम. पाण्यासारखं आधी, दाट नंतर, मलम असेल तर सगळ्यात शेवटी. मलमाचा थर बसला की वरून टाकलेला थेंब घसरून जातो. डॉर्झोलामाइड आम्लधर्मी असल्याने झोंबतं आणि डोळ्याला पाणी आणतं, म्हणून पातळ थेंबांत त्याची पाळी शेवटची ठेवली तर बरं. ब्रिंझोलामाइड दिलं असेल तर ते कमी झोंबतं, पण त्यात औषधाचे कण तरंगत असतात. बाटली न हलवता टाकली तर महिनाभर नुसतं पाणी पडतं आणि औषध तळाशी राहतं. “औषधाने गुण येत नाही” अशा तक्रारींमागे कधी कधी एवढंच असतं.

साठवण: लॅटानोप्रोस्टच्या बहुतेक बाटल्या उघडेपर्यंत २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालतात, उजेडापासून दूर. नागपुरात मार्च ते जून २५ अंश घरात सापडणार कुठे? फ्रिजच्या दारातच ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. टाकण्याआधी बाटली मिनिटभर मुठीत धरा, म्हणजे गार थेंबाने कुत्रं दचकत नाही. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. २.५ मिलीच्या बाटलीत ३० मायक्रोलिटरचे सुमारे ८० थेंब निघतात, म्हणजे एका डोळ्यात दिवसाला दोन या हिशेबाने ४० दिवस. तुमची बाटली तीन महिने पुरत असेल, तर थेंब चुकताहेत.

प्रश्न (ठाणे): चार किलोच्या पॉमेरेनियनला टिमोलॉलचे थेंब सुरू केल्यापासून तो सुस्त पडलेला असतो, काल जिना चढताना कोसळला. डोळ्यातल्या थेंबाने असं होतं?

उत्तर: होतं. टिमोलॉल ०.५ टक्के म्हणजे मिलीलिटरला ५ मिलीग्रॅम. ४० मायक्रोलिटरच्या थेंबात ०.२ मिलीग्रॅम औषध असतं. ६० किलोच्या माणसाला ते किलोमागे ३ मायक्रोग्रॅमच्या आसपास पडतं, तुमच्या पॉमेरेनियनला ५०. नाकात उतरलेला थेंब तिथल्या अस्तरातून सरळ रक्तात जातो. गोळीसारखा आधी यकृतातून गाळला जात नाही. मग नाडी मंदावते, रक्तदाब पडतो, दम्याची प्रवृत्ती असेल तर श्वासनलिका आवळते. थेंब थांबवून आजच डॉक्टरांना दाखवा. छातीचे ठोके मोजून सांगितलेत तर त्यांना मदत होईल: १५ सेकंदांचे ठोके गुणिले ४. कुत्र्यात टिमोलॉलचा दाबावरचा परिणाम तसाही बेताचाच असतो, त्यामुळे पर्याय शोधणं अवघड नाही. डॉर्झोलामाइड-टिमोलॉल अशी जोडबाटली दिली असेल तर नावात टिमोलॉल शेवटी येतं आणि नजरेतून सुटतं. लेबल पुन्हा वाचा.

प्रश्न (पुणे): शेजारच्या कुत्र्याला लॅटानोप्रोस्टने चार दिवसांत फरक पडला. तेच आमच्या मांजरीला टाकलं. बाहुली एकदम रेघेसारखी बारीक झाली, म्हणजे औषध लागू पडलं असं वाटलं. पण दाब ३८ चा ३७. बाटली खराब असेल का?

उत्तर: बाटली चांगली आहे. बाहुली आवळली यावरूनच औषध आत पोचल्याचं कळतं. फरक मांजराच्या डोळ्यात आहे. कुत्र्यात हे औषध ज्या मार्गाने द्रव बाहेर काढतं, तो मार्ग मांजरात याला तसा प्रतिसाद देत नाही. निरोगी मांजरांवर करून पाहिलेल्या चाचण्यांत बाहुली बारीक झाली, दाब हलला नाही. जन्मजात काचबिंदू असलेल्या मांजरांत काही प्रमाणात दाब उतरल्याचं दिसलं आहे, पण भरवसा ठेवावा असं ते औषध नाही. त्यातून मांजरात काचबिंदू बहुधा डोळ्याच्या आतल्या जुन्या सुजेमागून येतो आणि त्या सुजेत लॅटानोप्रोस्ट भर घालू शकतं. थांबवा.

मांजराला डॉर्झोलामाइड २ टक्के, दिवसातून दोन ते तीन वेळा, हा सरळ मार्ग. ब्रिंझोलामाइड त्याचंच भावंड असलं तरी निरोगी मांजरांना दिवसातून दोनदा दिल्यावर दाबात म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता; तेव्हा दुकानदाराने “एकच आहे” म्हणून बदलून दिलं तर घेऊ नका. थेंब टाकल्यावर मांजर तोंडाला फेस आणून लाळ गाळू लागलं तर घाबरू नका. औषध नाकातून घशात उतरतं आणि कडू लागतं. विषबाधा समजून रात्री दवाखाना गाठणारे आहेत. थेंबानंतर लगेच चमचाभर आवडतं खाणं द्या. गोळ्यांच्या वाटेला मांजराच्या बाबतीत शक्यतो जाऊच नये. ती खाणं सोडतात, आणि मांजराने दोन-तीन दिवस खाणं सोडणं हे स्वतःच एक दुखणं होऊन बसतं.

सुजेमुळे काचबिंदू झाला असेल तर सुजेवरही औषध लागतं आणि तिथे पेच आहे. स्टेरॉइडच्या थेंबांनी मांजराच्या डोळ्यातला दाब स्वतःहून वाढू शकतो. दोन-तीन आठवड्यांत तो दिसू लागतो आणि थेंब बंद केल्यावर सहसा उतरतो. म्हणून असे थेंब चालू असताना दाब मोजत राहावा लागतो. डोळे आले म्हणून मागे कधीतरी आणलेली, घरात उरलेली बाटली वापरण्याआधी तिच्यावर डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलंय का, ते बघा.

प्रश्न (नाशिक): एकाच दिवशी एका ठिकाणी दाब ३१ आणि दुसऱ्या ठिकाणी १९. कोणाचं खरं मानायचं?

उत्तर: कुत्र्याला धरलं कसं होतं, हे आधी आठवा. गळपट्टा ओढून धरलेलं कुत्रं, मानेवर दाबलेला हात, पापण्या ताणून डोळ्यावर टेकलेली बोटं, यांतल्या प्रत्येकाने आकडा चढतो. गळपट्ट्याला ओढ देऊन मोजलेला दाब वाढतो, छातीच्या हार्नेसला तीच ओढ दिली तर वाढत नाही, हे मुद्दाम मोजून पाहिलेलं आहे. काचबिंदू असलेल्या कुत्र्याला फिरवायला तर हार्नेसच घ्या. रिबाउंड प्रकारच्या टोनोमीटरला (दाब मोजायच्या यंत्राला) बधिर करणारा थेंब लागत नाही, पण त्याची सुई आडवी, जमिनीला समांतर राहावी लागते; टेकवून मोजणाऱ्या यंत्राला बधिर थेंब लागतो. दोन्हींचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. पुढे एकाच यंत्रावर, दिवसाच्या एकाच वेळी मोजा आणि शेवटचा थेंब किती वाजता टाकला होता ते सोबत लिहून न्या.

प्रश्न (बारामती): साडेचारशे किलोची मारवाडी घोडी. डोळा वारंवार सुजत होता, आता काचबिंदू सांगितलाय. दिवसातून अनेकदा थेंब टाकायचे आहेत आणि ती डोळ्याला हात लावू देत नाही. सगळं इंजेक्शनने देता येणार नाही का?

उत्तर: हिशेब करून बघा. मॅनिटॉल किलोला १ ग्रॅम म्हटलं तर ४५० ग्रॅम, म्हणजे २० टक्क्यांचं सव्वादोन लिटर, १०० मिलीच्या बावीस-तेवीस बाटल्या. एखाद्या दिवशी जीव टांगणीला लागल्यावर ते करतात, रोजचा तो उपचार नाही.

घोड्यासाठी वेगळी सोय असते. पापणीच्या आतून बाहेर काढलेली बारीक सिलिकॉनची नळी. तिच्या आतल्या टोकाला चकतीसारखा पाया असतो, तो पापणीच्या आतल्या खोबणीत बसतो. नळी कपाळावरून नेऊन आयाळीत वेणीसारखी गुंफतात आणि दुसरं टोक खांद्याजवळ, तिथे सुई टोचायची टोपी. गुंगीचं इंजेक्शन आणि पापणीची नस बधिर करून पशुवैद्य ती बसवतात. मग डोळ्याजवळ जायची गरजच नाही. टोपीतून ०.१ ते ०.२ मिली औषध द्यायचं आणि मागून दोन-तीन मिली हवा अगदी सावकाश. हवा जोरात सोडली की डोळ्यात फुर्र होतं, घोडी उडते आणि पुढच्या वेळी खांद्यालाही हात लावू देत नाही. दोन औषधांत इथेही पाच मिनिटं. मलम नळीतून कधीच देऊ नये, ती कायमची बंद होते.

बिघडतं ते असं: टाका सैल होतो, पाया घसरतो आणि प्रत्येक उघडझापीला कॉर्नियावर घासतो. घोड्याच्या कॉर्नियाला जखम झाली की त्यावर बुरशी चढायला वेळ लागत नाही. तेव्हा रोज सकाळी पापणीजवळची नळी कालच्या जागी आहे का ते बघा. तिथे पेनाने खूण केलेला चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवला तर एका नजरेत कळतं. डोळा अचानक जास्त मिटू लागला किंवा पाणी वाढलं तर औषध न देता आधी तपासणी. नळीवर माश्या बसू नयेत म्हणून डोळ्यावर जाळीचा मुखवटा घाला. तिला डोळा घासायलाही त्याने अटकाव होतो.

औषधांत घोड्याला डॉर्झोलामाइड-टिमोलॉलची जोडबाटली दिवसातून दोनदा हा नेहमीचा आधार. लॅटानोप्रोस्टने घोड्याचा डोळा लाल होतो, पाणी येतं, दुखतो आणि दाब फारसा उतरत नाही. आतल्या सुजेवरचा उपचार सोडून नुसत्या दाबामागे लागलात तर दाबही हाताशी येणार नाही. आणि मोजताना घोडीचं डोकं हृदयापेक्षा खाली लोंबकळत असेल तर आकडा फुगतो. गुंगीच्या इंजेक्शननंतर डोकं खाली जातंच, म्हणून कुणीतरी ते हृदयाच्या वर धरून ठेवायचं.

प्रश्न (एम.फार्म.ची विद्यार्थिनी, पुणे): ससे वापरून केलेल्या प्रयोगांत जेल आणि नवे थेंब फार टिकतात, कुत्र्यात तसे टिकत नाहीत. लॅटानोप्रोस्टचं तर उलटंच. का?

उत्तर: ससा तासाभरात मोजक्याच वेळा पापणी लवतो. टाकलेला थेंब पुसला जात नाही, डोळ्यावर बसून राहतो, म्हणून साध्या थेंबाचेही आकडे सशात भरघोस येतात. शिवाय कॉर्निया पातळ. प्रयोगातले न्यूझीलंड व्हाइट ससे वर्णहीन असतात, त्यांच्या बुबुळात मेलॅनिन नसतं. टिमोलॉलसारखी औषधं मेलॅनिनला धरून राहतात आणि सावकाश सुटतात, तेव्हा कुत्र्याच्या काळ्या-तपकिरी बुबुळात होणारा साठा या सशात होतच नाही. लॅटानोप्रोस्टला ससा मांजरासारखाच बेभरवशाचा प्रतिसाद देतो. त्या गटाच्या औषधाची नवी बांधणी तपासायला दाब उतरतो का हे बघायचं असेल, तर ससा चुकीचा प्राणी. डोळ्यात किती औषध पोचलं एवढंच मोजायचं असेल तर ठीक. प्रस्ताव संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीपुढे नेताना ही निवड का केली ते लिहा, तो प्रश्न येणारच.

थेंबाची वाटच टाळणारा उपाय म्हणून डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात सुईने ठेवायची, आपोआप विरघळणारी बायमॅटोप्रोस्टची १० मायक्रोग्रॅमची कांडी मार्च २०२० मध्ये अमेरिकेत माणसांसाठी मंजूर झाली. तिच्या आधीच्या चाचण्यांत बीगल कुत्री होती. औषध पापणीला, नाकाला न लागता थेट कामाच्या जागी सुटतं. उलट बाजू कॉर्नियाच्या आतल्या पेशींची: त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच त्या मंजुरीत एका डोळ्यात एकदाच, अशी अट होती.

प्रश्न (मुंबई): आमच्या बारा वर्षांच्या पगचा डोळा पूर्ण आंधळा झाला आहे, सुजून मोठा झाला आहे, दाब ६० च्या खाली येत नाही. डोळ्यातच एक इंजेक्शन देऊन कायमचा दाब उतरवतात म्हणे. शस्त्रक्रियेपेक्षा ते बरं का?

उत्तर: आधी एक गोष्ट. ६० दाबाचा डोळा दुखतो. कुत्रं कण्हत नाही. झोपून राहतं, डोक्याला हात लावू देत नाही, खेळत नाही. म्हातारपण समजून ते अंगावर काढलं जातं. दिसत नसलेल्या डोळ्यावर थेंब ओतत राहण्यात आता कुणाचाच फायदा नाही.

तुम्ही ऐकलेलं इंजेक्शन जेंटामायसिनचं. गुंगी देऊन डोळ्यातला थोडा द्रव आधी काढतात आणि मागच्या पोकळीत साधारण २५ मिलीग्रॅम जेंटामायसिन, सुजेसाठी थोडं डेक्सामेथासोन घालून, देतात. द्रव बनवणारा भाग ते औषध जाळून टाकतं. रक्तातून देतात तेव्हा मूत्रपिंडाला जपावं लागणारं हे औषध डोळ्याच्या आत गेलं की तिथल्या पेशींना विषच. म्हणून ज्या डोळ्याला दिसण्याची थोडीही आशा आहे, तिथे हे कधीच करायचं नाही. काही डोळ्यांत एकदा देऊन भागत नाही. काही डोळे नंतर आक्रसून बोराएवढे होतात. मांजराला हे इंजेक्शन देत नाहीत, कारण इजा झालेल्या मांजराच्या डोळ्यात पुढे काही वर्षांनी कर्करोगाची गाठ होऊ शकते. आत गाठ किंवा जंतुसंसर्ग असल्याची शंका असली तरीही देत नाहीत.

भूल सोसणार नाही अशा म्हाताऱ्या कुत्र्यासाठी इंजेक्शन ठीक. तुमच्या पगचं हृदय आणि रक्ततपासणी नीट असेल तर डोळा काढणंच सरस: एकदाच भूल, दहा-बारा दिवसांनी टाके काढायचे, आणि दुखणं संपलं. पगला भूल देताना आखूड नाकामुळे श्वासाची जास्त काळजी घ्यावी लागते, तेव्हा ऑक्सिजन आणि श्वासनळीत नळी घालायची सोय असलेल्या ठिकाणीच करा. काढलेला डोळा फेकू देऊ नका. त्याच्या दहापट तरी मावेल एवढ्या १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, रुंद तोंडाच्या बरणीत, विकृतिशास्त्र तपासणीला पाठवायला सांगा. काचबिंदू गाठीमुळे झाला होता का, हे त्यातूनच कळतं आणि दुसऱ्या डोळ्याचं पुढे काय करायचं ते त्यावर ठरतं.